पोटातलं पाणी

कैलाशच्या गाडीचं कौतुक मला सहन होत नाही. उगाच लपवून काय करायचं? कामठ्यात धान वाहणाऱ्या पिकअप दोनच, एक त्याची आणि एक माझी. रस्ता तोच, मिल तीच, खड्डेही तेच. तरी लोक त्याच्या गाडीला हात करतात आणि माझी आली की तोंड फिरवतात. निदान मला तसं वाटतं, आणि मला वाटतं म्हणजे तसंच असणार.

तेही मी गिळलं असतं, पण दामिनी बोलली. दामिनी माझी बायको, पहिलटकरीण, सातवा महिना लागायला आलेला. एक दिवस मी भाड्यावर बाहेर असताना तिला तपासणीला गोंदियाला जायचं होतं. कैलाश मिलकडे निघालाच होता, त्याने तिला पुढे बसवून नेलं. संध्याकाळी मी जेवायला बसलो, तर भात वाढता वाढता ही म्हणते, "कैलाशभाऊची गाडी का मस्त हाये जी! पोटातलं पानी नाई हाललं."

माझा घास तोंडातच राहिला. लग्न झाल्यापासून ही माझ्या गाडीत बसते. मंडईला नेलं, माहेरी नेलं. एकदा तरी असं म्हणाली का? उलट खड्डा आला की माझ्याकडे अशी बघते, जणू तो मीच खणलाय.

"अन् माही गाडी?" मी विचारलं.

"तुमची बी चांगलीच हाये." तो 'बी' मला सुपारीसारखा दाताखाली अडकला. त्यावर कडी म्हणजे ती पुढे म्हणाली, "आमगावले जाची वेळ आली का कैलाशभाऊलेच सांगजा."

आमगाव तिचं माहेर. पहिलं बाळंतपण तिथंच व्हायचं. म्हणजे दारात गाडी असताना माझी बायको दुसऱ्याच्या गाडीतून माहेरी उतरणार, आणि सगळी गल्ली बघणार! मी ठरवलं, दामिनी जाईल तर माझ्याच गाडीत, आणि ते पोटातल्या पाण्याचं वाक्य माझ्याच गाडीबद्दल बोलेल.

दुसऱ्या दिवशी कैलाशच्या दारासमोर चप्पल तुटल्याचं निमित्त करून मी खाली वाकलो आणि त्याच्या गाडीखाली डोकावलो. मागच्या चाकांवरच्या स्प्रिंगच्या कमानीत एक पाटा नवा कोरा, काळा रंग अजून चमकत होता. सापडली चोरी!

"काय गा योगराज, का पाह्यतेस?" कैलाश ओट्यावरून म्हणाला.

"चप्पल तुटली."

"दे, खिळा मारून देतो."

असा आहे हा माणूस. त्याच्यावर धड चिडतासुद्धा येत नाही, म्हणून तर जास्त चीड येते.

मी गाडी घेऊन थेट गोंदियाला गुलाबचंदच्या गॅरेजात गेलो. त्याने सगळं सांगितलं. नुसते शॉकर बदलले तर चाल सुधारेल, पाटे वाढवले तर गाडी ओझ्याखाली बसणार नाही. मग विचारलं, "पहले ये बताओ भैया, गाडी भरके चलाते हो या खाली?"

"कैलाशनं एक पाटा वाढवला ना? मले दोन वाढवून दे."

"खाली गाडी उछलेगी. नरम रखूँ या कडक?"

"कडक! कैलाशपेक्षा कडक."

चहा कडक, इस्त्री कडक, गाडी कडक. चांगल्या गोष्टीला माझ्या तोंडात दुसरा शब्द येतच नाही. गुलाबचंदने खांदे उडवले आणि पाटे चढवले. गाडी मागून अशी उंच झाली की मी कैलाशच्या दारावरून मुद्दाम हॉर्न वाजवत गेलो.

निघायच्या दिवशी मी गाडी धुतली, मागचा डाला झाडून रिकामा केला आणि दामिनीला पुढे बसवलं. गाव सुटलं आणि गाडी उडायला लागली. प्रत्येक खड्ड्याला मागची चाकं आदळत होती. मोरीवर तर असा दणका बसला की तिच्या मांडीवरची पिशवी खाली गेली आणि दोन्ही हात पोटाशी गेले.

"थांबवा जी!" ती खाली उतरली आणि बांधावर बसली. डोळ्यांत पाणी होतं. "मी नाई बसत आता. कैलाशभाऊले फोन करा."

दुसरी कोणती वेळ असती तर मी फोन तलावात फेकला असता. पण तिचे हात पोटावरून निघत नव्हते, आणि मला भीती वाटली. मी फोन लावला.

कैलाश धानाचे कट्टे, म्हणजे पोती, भरून निघालाच होता, लगेच आला. माझ्या गाडीखाली वाकून म्हणाला, "खाली गाडीले दोन पाटे? अन् वहिनीले बसवून राहिला तू?"

"तू बी तर बसवलं होतंस!"

"मांगं धान होता ना गा. खाली असली का माही बी अशीच आदळते."

त्याचीही आदळते! खरं सांगतो, त्या परिस्थितीतही माझ्या जिवाला गारवा मिळाला. दामिनी मात्र उठून त्याच्या गाडीकडे निघाली होती. कैलाशने तिला थांबवलं आणि आपल्या डाल्याचा मागचा फाळका उघडला. "चाल योगराज, कट्टे तुह्या गाडीत टाकू. वहिनी तुह्याच गाडीत जाईल."

आम्ही दोघांनी कट्टे हलवले. दामिनी भीत भीत बसली. गाडी मागून दबली, चाल मऊ झाली आणि थोड्या वेळाने तिला झोप लागली. कट्टे परत न्यायला कैलाश रिकामी गाडी घेऊन मागे येत होता. आरशात तो टुणटुण उडताना दिसायचा आणि मला बरं वाटायचं.

आमगावला माझ्या सासूबाई मंदाबाई ओवाळून टाकायला भाकरतुकडा घेऊन दारातच उभ्या होत्या. दामिनी उतरली आणि माझ्याकडे तिरकं बघून गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली, "आई, ह्यायच्या गाडीत पोटातलं पानी नाई हाललं वं!"

माझी छाती फुगली. इतक्यात सासूबाईंची नजर डाल्याकडे गेली. "वा जावईबापू! पोरीसंगं एवढा धान बी आणला? अरे, उतरवा रे कोणी!"

कैलाश कंबर धरून मागे उभा होता. 'कट्टे माहे हायेत' म्हणाला असता तर मला भांडता तरी आलं असतं.

"कट्टे कैलाशचे हायेत," मी म्हणालो. "त्या कट्ट्यायच्या वजनानंच गाडी नाई आदळली."

सासूबाई भाकरतुकडा हातात तसाच धरून त्याच्याकडे वळल्या. "मंग तू पह्यले बस बाबू. चहा कसा घेशील?"

"कडक," कैलाश म्हणाला.

दामिनी तोंडाला पदर लावून हसली. मी फाळका उघडायला गेलो.