मागून येणाऱ्याला साइड

यांना तो चामड्याचा सूट चढवायला दोघं लागलो, मी आणि मुनीर. ट्रॅकवाल्यांनी भाड्याने दिलेला सूट कुणा सडपातळ माणसाच्या मापाचा असावा. चेन पोटापर्यंत आली आणि थांबली.

"श्वास सोडा," मी म्हटलं.

"सोडलाय."

"अजून सोडा."

"शोभना, होता तेवढा सोडला."

"राहू द्या वैनी," मुनीर म्हणाला, "हेमभाई पडलेच तर पोट पहिलं टेकेल. एअरबॅग."

मुनीर दापोलीकडचा. शारजात आमच्या बिल्डिंगखाली त्याचा पिकअप उभा असतो. लोकांची कपाटं, फ्रीज, सोफे इकडून तिकडे नेणं हा त्याचा धंदा, आणि त्या वर्षी, म्हणजे २००९च्या मार्चमध्ये, तो धंदा फार तेजीत होता. जो तो घर रिकामं करत होता. आज त्याने आमची मोटरसायकल आणली होती, वाळवंटातल्या या शर्यतीच्या ट्रॅकवर, शारजापासून तासाभरावर. शुक्रवारची सकाळ होती. मुनीर हसला, हेही थोडं हसले. मी 'पडलेच तर' एवढ्याच शब्दांपाशी उभी होते.

हे म्हणजे माझे यजमान, हेमचंद्र. स्ट्रक्चरल इंजिनिअर. दुबईत टॉवर उभे राहायचे थांबले तशी यांच्या ऑफिसने फेब्रुवारीत एका दुपारी सत्तर माणसं काढली, त्यात हे. व्हिसा कॅन्सल झाला की तीस दिवसांत देश सोडायचा. आमचे नऊ उरले होते. मोटरसायकल शनिवारी नवा मालक घेऊन जाणार होता. सहाशे सीसीची, निळी, पुढे वाकून बसायची. हे दर शुक्रवारी पहाटे खोरफक्कनच्या रस्त्याने एक फेरी मारून चहाला परत यायचे. ट्रॅकवर कधी गेले नव्हते. बुधवारी जेवताना म्हणाले, "एकदा ट्रॅकवर चालवतो. मग देतो."

आभा, आमची मुलगी, बारावीचा पेपर चार दिवसांवर होता तिचा, पुस्तकातून मान वर न काढता म्हणाली, "मम्मा, लेट हिम. इट्स हिज लास्ट राइड."

ती मोटरसायकलबद्दल बोलत होती.

त्याच रात्री मला फाइल सापडली. डायनिंग टेबलवर उघडीच होती, लपवलेली नव्हती. सगळ्यात वर विम्याची पॉलिसी, प्लॅस्टिकच्या कव्हरात. तिच्याखाली यांच्या ड्रॉइंगमधल्या सुबक अक्षरात शुक्रवारपासून पुढच्या नऊ दिवसांच्या कामांची यादी. फ्लॅट ताब्यात देणे, विजेचं कनेक्शन बंद करणे, वॉशिंग मशीन काढणे, पुण्याला शाळेचे दाखले पाठवणे. प्रत्येक कामापुढे ते कोण करणार त्याचं नाव. शोभना. आभा. मुनीर. पुन्हा शोभना. मी यादी वरून खाली आणि खालून वर वाचली. हेमचंद्र कुठेच नव्हते. घरात खिळा ठोकायचा झाला तरी हातोडा दुसऱ्याच्या हातात न देणारा हा माणूस.

मग विचारलं का नाही? विचारलं आणि तसं काही नसेल, तर मी काय बाई नवऱ्याच्या डोक्यात घालून बसले. विचारलं आणि असेल, तर? गुरुवार असाच गेला. घरी थांबवून ठेवावं म्हटलं तर घर चौदाव्या मजल्यावर. ट्रॅकवर निदान ॲम्ब्युलन्स असते. असला हिशेब करून मी बायको म्हणून बरोबर आले. हे म्हणाले, "तू उन्हात काय करणार?" मी म्हटलं, "थर्मास धरीन."

सुरुवातीला सगळ्यांना एका खोलीत बसवून नियम सांगितले. सांगणारा उंच साउथ आफ्रिकन शिक्षक, नाक उन्हाने सोललेलं. पोरं पंचविशीतली, त्यांच्यात हे एकटे पन्नाशीचे, पहिल्या रांगेत वही घेऊन. शिक्षकाने फळ्यावर ट्रॅक काढला. सातव्या वळणावर दोनदा रेघ मारली. तिथे भिंत जवळ आहे, टायर रचलेत पण भिंत ती भिंत, तिथे कुणी कुणाच्या पुढे जायचं नाही. आणि आरसे. सगळ्यांनी आरशांवर पट्टी चिकटवायची.

"मागे कोण आहे ते बघायचं नाही," तो म्हणाला. "मागच्याचं काम मागचा करेल. तुम्ही आपली रेषा सोडू नका. इथे सौजन्य दाखवाल तर कुणाचा तरी जीव घ्याल."

यांनी तेही वहीत लिहून घेतलं.

मुनीरने दोन्ही आरशांवर तपकिरी चिकटपट्टी लावली, खोके बांधायची. मी ट्रॅकच्या सुरुवातीच्या बुटक्या भिंतीपाशी जाऊन उभी राहिले. तिथून सरळ रस्ता दिसायचा, पहिलं वळण दिसायचं, आणि मग वाळूच्या उंचवट्याआड सगळं नाहीसं. सातवं वळण तिकडेच.

पहिल्या तीन फेऱ्या सगळे शिक्षकामागे, शाळेच्या सहलीसारखे ओळीने. मी काळ मोजायला एकोणतिसाचा पाढा धरला. लहानपणी मार खाऊन पाठ केलेला, तो अजून कधी चुकत नाही. गाड्या आड गेल्या की सुरू करायचा. सावकाश दोनदा झाला की निळी गाडी बाहेर यायची. एकोणतीस दाहे दोनशे नव्वद, एकोणतीस दाहे दोनशे नव्वद, आणि निळी. तीनदा तसंच झालं. माझी जीभ जरा ओली झाली.

मग शिक्षकाने हात वर केला आणि बाजूला झाला. आता ज्याची त्याची मर्जी.

चौथ्या फेरीला हे बाहेर आले ते वेगळ्याच आवाजात. एवढा आवाज आमच्या गाडीत आहे हे मला दोन वर्षांत माहीत नव्हतं. मागे तीन गाड्या लागलेल्या. आणि यांनी काय करावं? मान वळवून मागे पाहिलं, गाडी उजवीकडे घेतली, आणि डावा हात काढून हलवला. जा, जा पुढे. खंबाटकी घाटात एसटीला साइड देतात तशी. तिन्हींतली लाल गाडी नेमकी उजवीकडूनच येत होती. यांच्या आणि तिच्या मधे वीतभर जागा उरली असेल. लाल गाडी थरथरली, सावरली, गेली.

"या अल्ला," मुनीर हळूच म्हणाला. "हा माणूस साइड देतो."

पाचव्या फेरीला पुन्हा. या वेळी दोन गाड्या होत्या, आणि हे पार कडेच्या वाळूला चाक लागेपर्यंत सरकले. पुन्हा हात. शिक्षक भिंतीवर येऊन काहीतरी ओरडला. हेल्मेटमधल्या माणसाला काय ऐकू जाणार.

सहाव्या फेरीला आड गेले. एकोणतीस दाहे दोनशे नव्वद. लाल गाडी आली. एकोणतीस दाहे दोनशे नव्वद. दोन हिरव्या आल्या. निळी नाही. मी तिसऱ्यांदा सुरू केला आणि एकोणतीस सातेपाशी पाढा चुकला. समोर ट्रॅकच्या कडेला उभ्या माणसाने पिवळं निशाण काढून हलवायला घेतलं. पिवळं म्हणजे पुढे कुणीतरी पडलंय. ॲम्ब्युलन्सचं इंजिन सुरू झाल्याचं मी ऐकलं आणि भिंतीच्या फटीतून आत निघाले.

मुनीरने माझ्या पर्सचा पट्टा धरला. "वैनी, आत नाय जायचं. वैनी, आत गाड्या आहेत."

"सोड."

"नाय सोडणार. हेमभाईंनी सांगितलंय तुमच्यावर लक्ष ठेवायला."

"कधी सांगितलं?"

"सकाळी. मी न्यायला आलो तेव्हा."

मी ओढायचं थांबले. त्या बिचाऱ्याला काय कळणार आपण काय बोललो ते.

मग उंचवट्यामागून निळं काहीतरी निघालं. हळू, सायकलच्या वेगाने. हे सरळ बसलेले, हात वर करून 'मी थांबतोय' म्हणून दाखवत, नियमाप्रमाणे. चाकांना, साखळीला, बुटांना वाळू. पडले नव्हते. सातव्या वळणाला ट्रॅक सोडून वाळूत घुसले होते, तिथल्या माणसांनी ढकलून काढलं.

शिक्षक धावत आला. "तू सारखा बाजूला का होतोस? काय सांगितलं होतं मी?"

हेल्मेट काढून हे म्हणाले, "ही वॉज फास्टर. आय गेव्ह साइड."

"व्हॉट साइड?"

आता याला साइड काय ते कुणी सांगावं? मला हसू फुटलं, चांगलं मोठ्याने, मलाच थांबवेना. सगळं अंग मोकळं झालं. ज्याला मरायचंय तो मागच्याला वाट देईल का? मी उगाच दोन रात्री जागले. मूर्ख मी. मी यांना टायरच्या ढिगामागे सावलीला बसवलं आणि थर्मासचं झाकण फिरवायला घेतलं. मुनीर फडकं घेऊन गाडी पुसायला गेला.

"खंबाटकी आहे का हा?" मी म्हटलं. "आणि सातव्या वळणावर कुणाला साइड दिलीत? तिथे पुढे जायचंच नाही म्हणाला होता तो."

हे एकेक बोट सोडवत हातमोजा काढत होते. "तिथे मागे कुणी नव्हतं."

"मग वाळूत कसे गेलात?"

हे दुसऱ्या हातमोज्याकडे वळले.

"सारखं कुणीतरी मागे यायचं," हे म्हणाले. "मी पडलो असतो तर मागचा माझ्यावर आदळला असता. चोवीस-पंचविशीची पोरं आहेत. म्हणून पुढे जाऊ देत होतो. एकेकाला. मग एकदाचं कुणी उरलं नाही."

मी झाकण तसंच धरून होते. चहा ओतलाच नाही.

"आणि?"

"आणि भिंत आली. मी ब्रेक मारला." यांनी स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे. "मी नाही मारला. लागला."

पलीकडे पुन्हा गाड्या सुरू झाल्या होत्या, दुसऱ्या गटाच्या.

"फाइल बघितलीस तू," हे म्हणाले.

"बुधवारीच."

"बोलली नाहीस."

"तुम्ही बोललात?"

वीस वर्षांच्या संसारात आम्ही विजेच्या बिलावर, आभाच्या क्लासवर, भावजयीच्या स्वभावावर तासन् तास बोललोय. मी यांचं मनगट धरलं. धरलं म्हणजे काय, पोलिसाने धरावं तसं धरलं. मोटरसायकलची किल्ली यांच्या मांडीवर होती ती दुसऱ्या हाताने उचलून ब्लाउजात टाकली. यांनी बघितलं.

"अजून येतं मनात?" मी विचारलं.

"आत्ता?"

"आत्ता."

"आत्ता नुसती भीती वाटतेय." आणि माझ्या पकडीकडे बघत, "रात्री येईल बहुतेक."

खोटं बोलले असते तर मला बरं वाटलं असतं. खरं बोलले, म्हणून मी मनगट सोडलं नाही.

तेवढ्यात शिक्षक आला. राग उतरला होता. म्हणाला, दहा मिनिटांनी तुमच्या गटाची पुढची पाळी, या वेळी मी पूर्ण वेळ तुझ्यापुढे राहतो, तू फक्त माझं मागचं चाक बघ, मजा येईल. चांगला माणूस होता. मी तोंड उघडलं, माझ्या मोडक्या इंग्रजीत काहीतरी कारण द्यायला, पोट दुखतं, ऊन लागलं, अशी घरातली झाकायची कारणं बायकांच्या तोंडात तयारच असतात.

पण हेच बोलले. "नो. आय ॲम नॉट वेल."

"पाणी कमी प्यायलास का?"

"नो. नॉट दॅट." मग बुटांवरच्या वाळूकडे बघत, सरकारी अर्ज वाचावा तशा आवाजात, "आय वेन्ट टू टर्न सेव्हन टू डाय."

शिक्षक उभा होता तो खाली उकिडवा बसला, यांच्या डोळ्यांच्या रेषेत. मग मला विचारलं, किल्ली कुठे आहे. मी ब्लाउजावर हात ठेवून दाखवलं. त्याने मान हलवली आणि ॲम्ब्युलन्सपाशी उभ्या असलेल्या डॉक्टरांना हाक मारली.

डॉक्टर कराचीचे निघाले, पिकल्या मिशांचे, पायात चपला. रक्तदाबाचं यंत्र आणलं होतं, पण ते बाजूला ठेवून टायरवरच टेकले. "हां भाईसाब," म्हणाले, "कब से?"

मला वाटलं, हे आता सांगतील, नोकरी गेली तेव्हापासून. तेच मीही सांगितलं असतं.

"डेढ साल से नींद नहीं आती," हे म्हणाले.

दीड वर्ष. नोकरी जायच्या कितीतरी आधीपासून, टॉवर वर जात होते तेव्हापासून. त्या सगळ्या रात्री मी त्याच पलंगावर, हातभर अंतरावर, घोरत होते.

"बताइए," डॉक्टर म्हणाले, आणि हे सांगू लागले. मी मनगट न सोडता ऐकत राहिले.