एका बीची दोन झाडं

मित्रांनो, मी एक जुनी कुंडी आहे, असं सांगायला मला आवडलं असतं. पण खरं बोलायचं तर मी आता कुंडी राहिलेली नाही. शाळेच्या कुंपणाला टेकून ठेवलेल्या एका घमेल्यात माझ्या खापऱ्या एकावर एक पडल्या आहेत. मी फुटले याचं मला वाईट वाटत नाही. ज्याच्यासाठी फुटले त्याला फार उशीर झाला होता, एवढंच वाईट वाटतं.

एका कुंभारानं मला घडवलं. त्यानं माती चाळली, तुडवली, चाकावर चढवली आणि भट्टीत भाजून काढली. मी भट्टीतून बाहेर आले तेव्हा त्याच्या बायकोनं बोटाच्या पेरानं माझ्यावर टकटक केलं.

"अहो, हिचा आवाज ऐका. कशी खणखणीत आहे! पोटच्या पोरासारखं झाड सांभाळेल ही."

"तुझं आपलं काहीतरीच. कुंडी ती कुंडी," कुंभार म्हणाला. पण त्यानंही एकदा टकटक करून पाहिलंच.

बाजारातून मला एका बाईंनी विकत घेतलं. त्या लहान मुलांच्या शाळेत शिकवत. त्यांच्या बाहीला कायम खडूची पूड लागलेली असे आणि कितीही घाई असली तरी मुलांशी बोलताना त्या आधी गुडघ्यावर बसत. त्यांच्या वर्गाच्या खिडकीला रुंद, बुटका कट्टा होता. तिथं माझी जागा ठरली.

एका दिवशी बाईंनी मुलांसाठी सरबत केलं. पिळलेल्या लिंबातून एक बी टुणकन उडाली आणि जमिनीवर पडली. एक मुलगा ती लाथाडणार, तोच बाई ओरडल्या, "अरे थांब! झाडावर पाय देतोस?"

सगळी मुलं इकडंतिकडं झाड शोधू लागली. बाईंनी ती बी उचलून तळहातावर ठेवली. "हे काय. एवढंसं आहे, पण झाडच आहे. झोपलंय अजून."

माझ्यात माती भरली आणि बी पेरली. मग सुरू झालं वाट पाहणं. मुलांना दम कुठला? कुणीतरी रोज बोटानं उकरून बघे, "उठलं का?" आणि बाई रोज माती सारखी करत म्हणत, "तुमचं पांघरूण कुणी असं सारखं ओढलं तर तुम्हाला झोप लागेल का?"

बीनं आधी मूळ सोडलं. ते मला एकटीलाच कळलं. अंधारात एक पांढरा धागा खाली खाली चाचपडत आला आणि माझ्या मातीला त्यानं हळूच धरलं. आजही तो क्षण आठवला की मला भरून येतं.

नंतर कोंब वर आला. कोंब कसला, कोंब आले! एका बीतून दोन. वर्गात एकच कल्ला झाला.

"बाई, जुळं झालं! जुळं झालं!"

बाईंनाही हसू आवरेना. लिंबाच्या बीतून कधी कधी असं होतं, त्या म्हणाल्या. एक कोंब चांगला दणकट होता, दुसरा अगदी काडी. मुलांनी त्यांना थोरलं आणि धाकटं म्हणायला सुरुवात केली.

त्या वर्षी त्या दोघांकडं पाहून मुलं जे शिकली, ते फळ्यावर कधी शिकली नसती. रोपं खिडकीकडं वाकली, तेव्हा एक मुलगी ओरडली, "बाई, ती बाहेर डोकावताहेत!"

"डोकावत नाहीयेत, जेवायला चालली आहेत," बाई म्हणाल्या. "पानं म्हणजे त्यांची चूल आणि उजेड म्हणजे त्या चुलीतला जाळ. उजेड नाही, तर स्वयंपाक नाही."

कुणाला काटा टोचला, की फुंकर घालता घालता त्या सांगत, "झाडाला पाय नाहीत. शेळी आली तर ते पळणार कुठं? म्हणून त्यानं काटे ठेवलेत." पान चुरगळलं की नाकाला झोंबणारा वास येतो तो किड्यांनी पान खाऊ नये म्हणून, आणि पानावर मेणासारखी चकाकी असते ती उन्हात पाणी उडून जाऊ नये म्हणून, हेही मुलांनी तिथंच ऐकलं.

ती डोकावण्याबद्दल बोललेली मुलगी म्हणजे बटण. ती शिंप्याची लेक. तिच्या सदऱ्याला कधी एकसारखी बटणं नसत; दुकानात जे उरेल ते तिच्या वाट्याला. म्हणून सगळी तिला बटण म्हणत, आणि तीही त्याच नावाला ओ देई.

रोपं मोठी होऊ लागली तशी माझ्यात दाटी झाली. बाई म्हणाल्या, "एका ताटात दोघं जेवली तर दोघंही अर्धपोटी राहतील. एक रोप आपण अंगणात लावू. दुसरं कोण घरी नेईल? एकच अट. कुंडीत नाही, डब्यात नाही. जमिनीत लावायचं."

बटणानं सगळ्यांच्या आधी हात वर केला. संध्याकाळी शिंपी तिला न्यायला आला, तेव्हा तिच्या हातात ते काडीसारखं धाकटं रोप पाहून त्यानं कपाळाला हात लावला.

"बाई, आमच्या घरात माणसं मावत नाहीत. हे कुठं ठेवू? मशीनवर?"

"बाबा, कपडे धुतो ना आपण, त्या दगडामागं," बटण म्हणाली. "तिथं जमीन आहे. पाणीपण आयतंच मिळेल."

शिंप्यानं मान हलवली. "पोरगी माझी वकील व्हायची," म्हणाला, आणि रोप गळ्यातल्या टेपसकट सांभाळत घेऊन गेला.

धाकटं गेलं तेव्हा मला त्याची फार कीव आली. एवढंसं ते, धुण्याच्या दगडामागं काय जगणार? आणि थोरलं तर माझ्याजवळ! तेच अंगणात जाणार होतं. सुट्ट्या लागण्याआधी कुंपणाच्या कोपऱ्यात खड्डा करायचा, असं बाईंनी ठरवलंही होतं.

पण त्याच आठवड्यात बाहेरून पाहुणे शाळा बघायला आले. खिडकीतलं हिरवंगार रोप पाहून ते खूश झाले. "वर्गातच झाड! वा! मुलं किती शिकत असतील!" मुख्याध्यापकांची छाती फुगली. पाहुणे गेल्यावर ते बाईंना म्हणाले, "बाई, एवढ्यात नका हलवू ते. दाखवण्यासारखं हेच तर आहे आपल्याकडं. पुढच्या वर्षी लावा की. झाड कुठं पळून जातंय?"

बाई थोड्या थबकल्या. मग त्यांनाही वाटलं, नव्या मुलांना शिकवायला हे हाताशी असलेलं बरं. त्या 'बरं' म्हणाल्या.

मित्रांनो, त्यात कुणाचं काही वाईट मनात नव्हतं. पुढच्या वर्षी नवी मुलं आली. त्यांनीही पानं चुरगळली, काटे मोजले, उजेडाची गंमत पाहिली. बाई पुन्हा म्हणाल्या, "यंदा मात्र लावायचंच." पुन्हा कुणीतरी पाहुणे आले. मला गेरू फासला, माझ्या काठावर पांढरी वेलबुट्टी काढली, माझे फोटो निघाले. लोक म्हणत, "काय सुंदर कुंडी आहे!" आणि आत थोरल्याची मुळं माझ्या भिंतीला येऊन थडकत होती. पुढं वाट नाही म्हटल्यावर ती वळत. पुन्हा भिंत, पुन्हा वळण. ती गोल गोल फिरत राहिली आणि हळूहळू जाड होत एकमेकींनाच आवळू लागली. मला सगळं जाणवत होतं, पण मी कुणाला सांगणार? कुंडीला तोंड मोठं असतं, पण बोलता कुठं येतं?

एका सुट्टीत अंगणात गाडी भरून फरशा आल्या. चिखल होतो, मुलं घसरतात, म्हणून सगळं अंगण कुंपणापर्यंत झाकून टाकलं. बाई परत आल्या आणि खिडकीतून पाहतच राहिल्या. त्या दिवशी त्यांनी मला नेहमीपेक्षा जास्त पाणी घातलं.

काही वर्षांनी बाई निवृत्त झाल्या. जाताना नव्या शिक्षिकेला म्हणाल्या, "याला कुठंतरी जमीन बघा." नवी शिक्षिका मनानं चांगली होती, पण तिच्या वर्गात मुलं दुप्पट आणि टेबलावर कागदांचा ढीग. माझी जागा मोठ्या कपाटाला लागली आणि मी कट्ट्यावरून व्हरांड्यात, व्हरांड्यातून जिन्याखाली गेले. तिथं केरसुण्या होत्या. माझ्यात पेन्सिलींची टरफलं आणि गोळ्यांचे कागद पडू लागले. लांब सुट्टी लागली की पाणी बंद. तेव्हा थोरलं आपली पानं आत गुंडाळून घेई, मग एकेक पान सोडून देई. पोटाला चिमटा घेऊन जगणं कसं असतं, ते मी त्याच्याकडून शिकले. शाळा सुरू झाली, कुणी उरलेलं पाणी ओतलं, की ते पुन्हा दोनचार पानं काढी. फूल मात्र त्याला कधी आलं नाही.

आणि मग एका सकाळी एक बाई आपल्या लहान मुलीला शाळेत घालायला आली. तिच्या खांद्यावरची पिशवी लिंबांनी भरली होती, शाळेत सगळ्यांना वाटायला. जिन्याजवळून जाताना मुलगी थांबली.

"आई, हे आजारी आहे का गं?"

आईनं वाकून पाहिलं. माझ्या काठावरची पुसट वेलबुट्टी तिनं बोटानं चाचपली. मग एक पान तोडून चुरगळलं, हुंगलं आणि ती मट्कन पायरीवर बसली.

"अगं बाई! हे तर थोरलं!"

ती बटण होती.

नवी शिक्षिका बाहेर आली. "ते होय? फार जुनं आहे. त्याला लिंबं येतच नाहीत. जातच तशी असेल."

"जात?" बटण म्हणाली. तिनं पिशवी उघडून तिच्यापुढं धरली. "ही याच्या धाकट्या भावंडाची लिंबं. एकाच बीची दोघं. ते आमच्या छपराच्या वर गेलंय. अख्खी गल्ली नेते, तरी खाली सडा पडतो."

शिक्षिकेनं एकदा लिंबांकडं पाहिलं, एकदा थोरल्याकडं. थोरलं बटणाच्या कमरेलासुद्धा लागत नव्हतं. "तुम्ही न्याल का याला?" तिनं हळूच विचारलं.

बटणानं म्हाताऱ्या बाईंना निरोप पाठवला. त्या काठी टेकत आल्या. आम्हाला शिंप्याच्या घरामागं नेलं; तिथं खड्डा तयार होता. थोरल्याला माझ्यातून ओढून पाहिलं, ते हलेना. शेवटी बटणानं हातोडी घेतली.

मी एका घावात फुटले. खरं तर मी कधीची फुटायला तयार होते. मी बाजूला पडले, तरी मुळं माझ्याच आकाराची राहिली, जशी काही मुळांचीच कुंडी. त्यात मातीचा कणही दिसत नव्हता.

बाईंनी काठीच्या टोकानं ती गुंतलेली मुळं चाचपली. वर धाकट्याच्या फांद्या लिंबांनी वाकल्या होत्या.

"मी दरवर्षी म्हणायचे, यंदा लावू," त्या म्हणाल्या.

"बाई, तुम्हीच तर मला सांगितलं होतं, जमिनीतच लाव म्हणून."

"तुला सांगितलं गं. तू केलंस. मी नुसतीच सांगत राहिले."

बटणानं वरची मुळं सोडवली, काही कापली, थोरल्याला धाकट्याच्या शेजारी लावलं. त्याला नवी पालवी आली. ते झपाझप वाढलं. सगळ्यांना वाटलं, जिंकलो. मग एका दुपारी जोराचा वारा सुटला. धाकटं नुसतं डोललं. थोरलं मुळासकट आडवं झालं. खोडाजवळची जुनी मुळं लाकडासारखी कडक होऊन एकमेकींना पिळून बसली होती. त्यांनी जमिनीला कधी धरलंच नव्हतं. आयुष्यभर गोल फिरल्यावर सरळ कसं जायचं, ते त्यांना उमगलं नाही.

बाईंनी ते मूळ, आणि घमेल्यात भरून माझ्या खापऱ्याही, शाळेत आणायला लावल्या. मुलांच्या मधोमध ते मूळ ठेवून त्या खुर्चीवर बसल्या. गुडघ्यावर बसणं आता जमत नव्हतं. त्यांचं सगळं सांगून झाल्यावर बटणाच्या लेकीनं विचारलं, "मग तुम्ही का नाही लावलं?"

नवी शिक्षिका तिला दटावणार होती. बाईंनी हातानंच थांबवलं.

"कारण ते माझ्या उपयोगाचं होतं, बाळा," त्या म्हणाल्या. "आणि मी तेवढंच पाहिलं."

पुढच्या आठवड्यात शिक्षिकेनं आणि काही पालकांनी पहारी आणून कुंपणाच्या कोपऱ्यातल्या फरशा उखडल्या. खालची माती दगडासारखी झाली आहे, त्यात एक गांडूळही नाही. तिथं अजून काही लावलेलं नाही. मुलं रोज पाणी टाकतात, पाला टाकतात, काठीनं उकरतात. माझं घमेलं त्याच कोपऱ्यात आहे, म्हणून मला सगळं दिसतं.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादी कुंडी असेल, तर तिला नुसतं सुंदर म्हणू नका. तुळशीएवढ्या झाडाला कुंडी पुरते. ज्याला मोठं व्हायचं आहे त्याला पुरत नाही. आणि ज्याला जमीन देता येत नाही, त्याला वेळेवर मोठी कुंडी द्या. अधूनमधून कुंडी थोडी कलती करून तिच्या तळाखाली बघा. तिथून पांढरी मुळं बाहेर आलेली दिसली, तर समजा की झाड तुमच्याशी बोलतंय. त्याच्याजवळ याहून मोठा आवाज नाही. तो ऐकून घ्या.