रंगाचा रकाना

सायखेड्यात पूर कधी चढणार, हे सरकारी गाडीच्या भोंग्याआधी सहादूतात्या सांगायचे. वीस वर्षांची वही होती त्यांची. धरणातून किती पाणी सोडलं, ते गावच्या पुलाला कितव्या तासाला टेकलं, घाटाची कोणती पायरी बुडाली, सगळं रकान्यांत बसवलेलं. त्याचा मेळ घालून तात्या म्हणत, "पाचला येईल," आणि गोदावरी, गावाची गंगा, बापडी पाचलाच यायची. गावाला त्याचं मोठं कौतुक. तात्यांना त्याहून मोठं.

गेल्या श्रावणात धरणातून पाणी सुटलं, त्या दिवशी त्यांची बायको बायडाबाई धुणं घेऊन नदीवरून आली ती दारातूनच म्हणाली, "अवो, पाणी लाल दिसतंय. वरनं मिळणारी दारणा नदी फुगली वाटतं. तिचं पाणी आधी येईल."

"रंगाचा रकाना नाय माझ्या वहीत," तात्या हसले. "पाचपर्यंत वेळ हाय. तू खुशाल म्हैस सोडून आण."

नवऱ्याच्या शब्दावर ती नदीकाठच्या गोठ्याकडे गेली. पाणी दोनलाच आलं. म्हैस पोहत वर आली. बायडाबाई तिसऱ्या दिवशी सापडली.

तात्यांना कुणी बोल लावला नाही, आणि तेच त्यांना सोसवेना. पट्टी घेऊन त्यांनी वहीत नवा रकाना आखला: रंग. मागच्या वीस वर्षांचा तो कोराच राहिला. रोज नदीवर जाणारं माणूस घरात होतं, आणि या शहाण्यानं तिला चहा झाला का, याखेरीज काही विचारलं नव्हतं.

यंदा धरणातून पाणी सोडल्याचा निरोप आला, तसा सरपंच नवनाथ धावत आला. "तात्या, खालच्या आळीला किती वेळ हाय?"

तात्या घाटावर उतरले. ओंजळीत पाणी घेतलं, निरखलं, सांडलं, पुन्हा घेतलं. हे लाल म्हणायचं की नेहमीचं गढूळ? बायडा कशाला लाल म्हणायची?

"तात्या?"

"मला नाय कळत रे." हे शब्द गावानं त्यांच्या तोंडून कधी ऐकले नव्हते. "वेळ विचारू नको. आत्ताच माणसं वर काढ. गुरांसाठी कुणी बाई खाली उतरली तर माझी शपथ हाय."

पाणी साडेतीनला आलं. आळी रिकामी होती.

संध्याकाळी तात्यांनी वही उघडली. वेळ लिहिली, पायरी लिहिली. रंगाशी पेन अडलं. मग त्यांनी त्या रकान्यात लिहिलं, 'बायडाला विचारायचं राहिलं.'