व्हर्नाला दिलेले दिवस

“द्या, मोकळ्या मनाने द्या!” कर्मचारी-कल्याण विभागाची ग्रेचेन गुलाबी खोका घेऊन टेबलांमधून फिरत होती.

खोक्यात पैसे टाकायचे नव्हते. आपल्या आजारपणाच्या रजेतला दिवस चिठ्ठीवर लिहून टाकायचा होता. आमच्या व्हर्नाला कॅन्सर झाला होता आणि तिची रजा संपली होती. तशीच घरी बसली तर नोकरी जाणार, नोकरीबरोबर आरोग्यविमा, आणि केमोचे चार डोस बाकी. अमेरिकेतल्या टोलीडो शहरातल्या एका आरोग्यविमा कंपनीतच आम्ही ग्राहकांचे फोन घेत असल्यामुळे हे कोणाला समजावून सांगावे लागले नाही.

अकरा जणांनी अकरा दिवस दिले. ग्रेचेनने केक कापून सर्वांचा हसरा फोटो काढला.

व्हर्नाला मात्र फुकटचे काही पचत नसे. कोणता दिवस कोणाचा, हे तिने विचारून घेतले. कामावर परतली की त्या त्या माणसाच्या टेबलाशी येऊन उभी राहायची.

“हँक, गुरुवार तुझा होता. ओकण्यातच गेला रे.”

“अगं, माझा दिवस, आणि एक बीअरसुद्धा नाही? पुन्हा देतो का बघ!”

ती खूप हसली. हँक बाथरूममध्ये गेला, तो बराच वेळ आला नाही.

तिसऱ्या डोसनंतर मला तिचा फोन आला.

“डेल, आज तुझा मंगळवार होता. शेवटचा. नुसता झोपून काढला. माफ कर हं.”

“झोपायलाच दिला होता, बाई.”

“उद्यापासून येते.”

मी ग्रेचेनकडे गेलो. “माझे आणखी चार दिवस लिहून घे.”

“एकाला एकच देता येतो, डेल. उद्या तू आजारी पडलास तर? तुझ्या तब्येतीची जबाबदारी आमच्यावर आहे.” तिने मला ताण घालवण्यासाठी पिळायचा रबरी चेंडू दिला.

चौथा डोस व्हर्नाने शनिवारचा मागून घेतला. सोमवारी आठच्या ठोक्याला ती हजर होती. लोकरी टोपी कानांवर ओढलेली, ओठ पांढरेफटक. तिने कचऱ्याची टोपली पायाने जवळ सरकवली आणि हेडफोन लावला. पहिलाच माणूस इतका ओरडत होता की मला शेजारी ऐकू येत होते.

“ओरडा, साहेब,” व्हर्ना हळू आवाजात म्हणाली. “मी पाचपर्यंत आहे.”