सिमियनच्या पाठीवरची पिशवी

मित्रांनो, मी कापडाची एक जुनी पिशवी आहे. भाजीची नव्हे, दळणाचीही नव्हे. शिकारीचे मांस रानातून घरी आणायची पिशवी. दूर उत्तरेच्या थंड मुलखात, युकॉन नदीच्या काठावरच्या एका लहान गावात, लोर्नाच्या घरामागच्या लाकडी कोठीत माझे आयुष्य गेले.

आमच्याकडे सप्टेंबरात एक मूस मिळाला की घराचा हिवाळा निघतो. मूस म्हणजे आमच्या रानातले सगळ्यात मोठे हरीण, घोड्याहूनही उंच. तो अख्खा उचलून आणता येत नाही. पडल्या जागीच त्याचे भाग करावे लागतात, आणि एकेक तंगडी एकेका पिशवीत घालून, पाठीवर बांधून, चिखलातून नावेपर्यंत न्यावी लागते. घरी आल्यावरही मांस काही दिवस टांगून ठेवतात. तोवर ते टिकले पाहिजे. हे टिकवण्याचे काम माझे.

कापडगिरणीतले दिवस मला फारसे आठवत नाहीत. खूप आवाज होता एवढेच आठवते. बारीक विणीचे पांढरे सुती कापड, दुहेरी शिवण आणि तोंडाशी जाड नाडी, असे माझे रूप होते. आम्ही चौघी बहिणी एका गठ्ठ्यात बांधलेल्या होतो. मोठ्या शहरातल्या एका दुकानात लोर्ना आणि तिचा नवरा सिमियन आले, तेव्हा मी पहिल्यांदा माणसे जवळून पाहिली.

सिमियनच्या हातात पातळ जाळीच्या पिशव्या होत्या. "याच घेऊ. वापरल्या की फेकल्या. धुवायची कटकट नाही," तो म्हणाला.

"गेल्या वर्षी फेकलं काय ते आठवतंय ना?" लोर्ना म्हणाली. "पिशवी नाही फेकली. मांस फेकलं."

सिमियनने जाळीच्या पिशव्या खाली ठेवल्या. गेल्या वर्षी जाळी ताणली गेली होती, तिची भोके मोठी झाली होती आणि माश्यांनी आत अंडी घातली होती. घरी येईपर्यंत मागची एक तंगडी अळ्यांनी वळवळत होती. ती पुरून टाकावी लागली. जनावराने जीव दिला आणि आपण तो मातीत घातला, म्हणून लोर्ना त्या दिवशी जेवली नव्हती.

थोड्या वेळाने सिमियनने प्लॅस्टिकचे एक जाड पोते उचलले. "मग हे घे. यातून माशीचा बापही आत जायचा नाही."

"आणि वाराही जायचा नाही. गरम मांस यात कोंडलं की त्याला घाम सुटतो आणि ते आंबतं. तू स्वतः झोपून बघ त्यात."

मग तिने मला उचलले. उजेडासमोर धरले, शिवण दोन्ही हातांनी ओढून पाहिली, शेवटी माझे कापड तोंडाला लावून जोरात फुंकर मारली. फुंकर आरपार गेली. "हिच्यातून हवा जाते, माशी जात नाही. आणि धुतली की पुढच्या वर्षी परत उभी राहील."

"लोर्ना, तू पिशवी घेतेयस की पोरीला नवरा बघतेयस?"

"नवरा नापास झाला तर परत पाठवता येतो," ती म्हणाली. "खराब मांस कुठे परत पाठवू?"

दुकानदारही हसला. आम्ही चौघी त्यांच्या नावेत बसून गावी आलो.

मित्रांनो, पुढची वर्षे माझ्या सुखाची होती. दर सप्टेंबरात सिमियन, लोर्ना आणि त्यांची मुलगी कोरा आम्हाला घेऊन नदीच्या वरच्या अंगाला जात. ऊन ऊन तंगडी माझ्यात उतरे, तेव्हा मी पूर्ण भरून जाई. मग सावलीत, आडव्या बल्लीला मला टांगत. वारा माझ्यातून येजा करी. मांसावर हळूहळू कोरडा पापुद्रा धरे. माश्या माझ्या अंगावर फिरत, दार शोधत आणि कंटाळून उडून जात. मला फार अभिमान वाटे.

गावी परतल्यावर मांस उतरले की त्याच संध्याकाळी लोर्ना आम्हाला नदीवर नेई. आधी थंड पाणी, कारण गरम पाण्याने रक्ताचा डाग कापडात कायमचा बसतो. वासाचा साबण ती कधीच वापरत नसे, कारण तो वास पुढच्या वर्षीच्या मांसाला लागतो. मग आम्ही कडकडीत उन्हात वाळायचो. शेजारणी पिशव्या मागायला येत. लोर्ना म्हणे, "नाव माग, करवत माग, हवं तर नवरा माग. पिशव्या सोडून बोल."

सिमियन मला पाठीवर बांधून चाले तेव्हा मला त्याच्या छातीतले ठोके ऐकू येत. एका वर्षी ते मला वेगळे वाटले. ते मध्येच अडखळत, मग घाई करत. मी कोणाला काय सांगणार?

त्या वर्षी सप्टेंबर गरम होता. नदीचा फाटा आटला होता आणि मूस पाण्यापासून फार आत पडला. लोर्ना नावेपाशी जागा साफ करत होती. बाप-लेक मांस वाहत होते. सिमियनने मागची तंगडी माझ्यात घातली आणि मला पाठीवर घेऊ लागला.

"बाबा, हिचे दोन भाग करू. नाहीतर विल्फ्रेडकाकाला येऊ दे," कोरा म्हणाली. विल्फ्रेड हा सिमियनचा धाकटा भाऊ, दुपारपर्यंत येणार होता.

"तो येईपर्यंत मांस शिजेल या उन्हात. चल, पुढे हो तू."

दलदलीच्या मधोमध तो थांबला. एका भूर्ज झाडाला त्याने हात टेकला. "जरा थांबू या गं," तो म्हणाला. मग गुडघ्यावर बसला, आणि पुढे कलंडला. मी त्याच्या पाठीवरच होते. आतले ठोके मी ऐकत होते. मग ते ऐकू येईनात.

कोराने ओरडत ओरडत पट्टे सोडले. लोर्ना चिखलातून धावत आली. तिने त्याचे डोके मांडीवर घेतले आणि त्याच्या तोंडावरचा चिखल पुसत राहिली. विल्फ्रेड आला तेव्हाही ती पुसतच होती.

त्याला नावेतून घरी नेले. निघताना विल्फ्रेड म्हणाला, "वहिनी, मांसाचं राहू दे आता. कोणाला सुचतंय ते?"

"त्याने शेवटचं मारलेलं आहे ते," लोर्ना म्हणाली. "रानात सडू देऊ? मग तो कशासाठी गेला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वतः कोरा आणि विल्फ्रेडला घेऊन परत आली. सिमियनच्या पाठीवरून उतरवलेली तंगडी तिने कोणाला उचलू दिली नाही. तिचे दोन भाग केले आणि दोन फेऱ्यांत तिनेच वाहिली.

आता मांस सिमियनच्या उत्तरक्रियेच्या पंगतीला लागणार होते. वरच्या गावांना रस्ते नाहीत, तिथले नातेवाईक विमानानेच यायचे होते, पण धुके उतरले आणि लहान विमाने अडकून पडली. दिवस गरमच होते. पाहुणे येईपर्यंत मांस टिकेल का, या काळजीने घर अर्धे झाले. लोर्ना रोज आमची तोंडे सोडून मांसाला हात लावून पाही, वास घेई, ओला भाग पुसून काढी आणि आमच्याखाली धुराचा लहान विस्तव ठेवी. घरात ती रडत नसे, रडायला कोठीपाशीच येई. आम्ही चौघींनी श्वास चालू ठेवला. एकही माशी आत जाऊ दिली नाही.

मांस टिकले. सारा गाव जेवला. एक म्हातारी वाडगा हातात धरून म्हणाली, "बघा, सिमियनने स्वतःच्या पंगतीचं स्वतःच आणलं." हे ऐकून लोक जेवता जेवता रडले.

त्यानंतर कोराने माझ्या तिघी बहिणींना धुतले. माझ्याकडे हात केला तेव्हा लोर्ना म्हणाली, "ती राहू दे. ती मी धुईन."

ती मला नदीपर्यंत घेऊन गेली आणि तशीच परत आली. माझ्या एका बाजूला सिमियनच्या पाठीचा घाम मुरला होता. तिने तिथे नाक लावले. मग मला कोठीच्या कोपऱ्यात ठेवून दार लावले.

मित्रांनो, रक्त तसेच राहिले की कापड कुजते. हिवाळा गेला, उन्हाळ्यात मला बुरशी आली. उंदरांनी एक कोपरा कुरतडला. विल्फ्रेडला काही माहीत नव्हते. त्याने नावेच्या इंजिनाचे सुटे भाग माझ्यात भरले. तेल माझ्या धाग्याधाग्यात उतरले.

यंदा सिमियनच्या आठवणीची मोठी पंगत ठरली. शिकारीला निघताना कोराने मला बाहेर काढले, वास घेतला आणि हळूच खाली ठेवले. "आई, हिच्यात आता मांस नेता यायचं नाही."

लोर्ना कोठीच्या पायरीवर बसली. "त्याचा घाम जाईल म्हणून धुतली नाही गं. आता उरलं काय? विल्फ्रेडच्या इंजिनाचं तेल." ती हसली, आणि हसता हसता तिला रडू कोसळले.

विल्फ्रेड ओशाळून उभा होता. "वहिनी, मी नवी आणून देतो."

"नवी आण, पण कोराला. ही त्याच्याकडे पाठवते."

आमच्याकडे गेलेल्या माणसाचे ताट विस्तवाला देतात. त्याचे कपडेही देतात. ते त्याला पोचते, असे लोक मानतात.

"एवढी तेलकट?" विल्फ्रेड म्हणाला.

"लवकर पोचेल."

आज तिने मला नदीवर नेले आणि थंड पाण्यात खूप वेळ धुतले. डाग गेले नाहीत, वासही गेला नाही. तरी ती चोळत राहिली. आता मी दोरीवर वाळते आहे. माझ्या बहिणींनी आणलेले मांस अंगणात शिजते आहे, आणि त्यातला एक तुकडाही माझ्यातून आलेला नाही.

मित्रांनो, घरात जी वस्तू राबते तिला काम होताच स्वच्छ करा, कोरडी ठेवा. आणि एखाद्या वस्तूला आपल्या माणसाची आठवण चिकटली असेल, तर तिला अंधारात कोंडू नका. तिला कामात ठेवा. मी कामात राहिले असते तर आणखी कितीतरी हिवाळे त्या घराला पुरले असते. लोर्नावर माझा राग नाही. उद्या ती मला विस्तवाला देईल, तेव्हा तिच्या शेजारी कोरा असावी, एवढेच माझे मागणे आहे.