दातांच्या दवाखान्यातलं पाळणाघर

पाळणाघर सुरू होऊन बरेच दिवस झाले, तरी ताईचा फोन काही वाजेना.

पुढच्या खोलीत गाद्या घातल्या होत्या, टेबलाच्या कोपऱ्यांना स्पंज चिकटवला होता. चांगली नोकरी सोडून ताईने हा डाव मांडला होता. आता ती दिवसभर खेळणी पुसायची, मांडायची आणि पुन्हा पुसायची.

"कोण देणार गं माझ्या भरवशावर पोर?" ती धाकट्या बहिणीला म्हणाली. "महिनाअखेरपर्यंत बघते. नाहीतर साहेबांच्या हातापाया पडून परत कामावर जाते."

धाकटीला ते लागलं. पाळणाघराचं इंटरनेटवरचं पान तिनेच बनवलं होतं ना! ती वेबसाइट बनवायच्या क्लासला जायची. बाईंनी सराव दिला होता, की कुठल्याही व्यवसायाचं एक पान करा, कोऱ्या फाइलपासून करा, आणि ते संगणकावर आणि मोबाइलवर दोन्हीकडे नीट दिसलं पाहिजे. पण कोरी फाइल उघडली की हिला काही सुचायचंच नाही. शेवटी काय केलं पोरीने? परगावच्या एका दवाखान्याचं देखणं पान सापडलं, ते अख्खंच्या अख्खं उचललं! नाव बदललं, फोटो बदलले, वरचा नंबर बदलला आणि झाली मोकळी. नातेवाइकांनी तोंडभरून कौतुक केलं. आणि मंडळी, खरं सांगा, "सगळेच करतात, त्यात काय एवढं?" असं आपणही म्हणतोच की!

दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये बाईंनी ते पान आपल्या मोबाइलवर उघडलं. खाली 'फोन करा' असं मोठं बटण होतं, ते त्यांनी सहज दाबलं. आता ताई उचलेल, म्हणून धाकटी ऐटीत उभी होती.

"बोला, दातांचा दवाखाना," पलीकडून पुरुषाचा आवाज आला.

"अं? पाळणाघर ना?"

"अहो, तुम्हीसुद्धा? रोज कुणाची ना कुणाची आई फोन करते! बाळाला दुपारी झोपवता का म्हणे. मी दात काढतो हो! परवा वैतागून एकीला म्हटलं, आधी बाळाला दात तर येऊ देत, मग आणा."

सगळा वर्ग खो खो हसला. धाकटीच्या तोंडचं मात्र पाणी पळालं.

बाईंनी पान आतून उघडून पाहिलं. वरचा नंबर फक्त मोठ्या पडद्यावर दिसत होता. मोबाइलसाठी हे बटण वेगळं होतं आणि त्याच्यामागे डॉक्टरांचाच नंबर तसाच राहिला होता! धाकटीने पान मोबाइलवर तपासलंच नव्हतं. ताईने पाहिलं होतं, पण स्वतःच स्वतःला फोन कोण लावतं?

धाकटीने बाईंचा अजून चालूच असलेला फोन हातात घेतला. "डॉक्टर, चूक माझी आहे. तुमचं पान मी चोरलं."

"चोरलंत ते चोरलंत, निदान धड तरी चोरायचं!" डॉक्टर म्हणाले. मग त्यांचा आवाज निवळला. "ते पान आधी काढा. आणि खरा नंबर द्या, फोन केलेल्यांना कळवतो मी."

बाई रागावल्या नाहीत. "चोरी वाईटच," त्या म्हणाल्या, "पण त्याहून वाईट काय, तर आपण लोकांसमोर काय ठेवतोय हेच तुला माहीत नव्हतं. परीक्षेतली कॉपी घे, नाहीतर मुलांच्या शाळेचे प्रकल्प आईबापांनी करून देणं घे. शाबासकी मिळते गं, पण हातात काय उरतं?"

धाकटी तडक घरी गेली आणि तिने सगळं ओकून टाकलं. आता ताई फाडून खाणार, असंच तिला वाटलं होतं.

"म्हणजे... लोक फोन करत होते?" ताईने हळूच विचारलं.

"रोज!"

ताई मटकन गादीवर बसली आणि हसता हसता रडू लागली. "अगं, मला वाटलं, माझ्यावर कुणाचा विश्वासच नाही! गाढवे, किती रात्री झोप उडवलीस माझी!" तिने पाठीत एक धपाटा घातला आणि लगेच तिला जवळही घेतलं. किती दिवसांनी ताई अशी मोकळी हसली होती!

त्याच संध्याकाळी धाकटीने चोरलेलं पान काढून टाकलं आणि कोरी फाइल उघडली. ओळी एकमेकींच्या उरावर बसल्या, फोटो पडद्याबाहेर पळाला. ती चुकली, चिडली, बाईंना विचारून पुन्हा बसली. पान उभं राहिलं ते साधंच, पण शेजारणींचे लहानमोठे मोबाइल मागून तिने प्रत्येकावर ते बटण दाबून पाहिलं. शेजारणी हसल्या. हसू देत!

आठवड्याभरात एक आई बाळाला घेऊन दारात आली. "डॉक्टरांनी नंबर दिला, मग तुमचं पान पाहिलं," ती म्हणाली. "एक विचारायचं होतं. बाळ आजारी पडलं तर काय करता, ते त्यात लिहिलेलं नाही."

"खरंच की, राहिलंच ते!" धाकटी म्हणाली. ताईने सांगितलं आणि तिने तिथल्या तिथे ती ओळ लिहिली. कुठे लिहायची, हे तिला कुणाला विचारावं लागलं नाही. ओळ वाचून त्या आईने बाळ ताईच्या हातात दिलं.

मंडळी, उसनं काम कितीही देखणं असलं, तरी अडीअडचणीला ते आपल्याला ओळख देत नाही. आपलं काम वेडंवाकडं असू द्या, पण आपल्या हातचं असू द्या. त्यातली चूक आपल्याला सापडते, सुधारता येते, आणि अशाच माणसावर लोक विश्वास टाकतात!