उजव्या कानाची तार

डॉ. लिसांद्रो एचेगाराय परदेशातून आला तो स्वतःचं सॉफ्टवेअर आणि स्वतःविषयीचं थोर मत घेऊनच. रोसारिओ शहरातल्या या इस्पितळात बावीस वर्षं मी लोकांच्या डोक्याला तारा चिकटवतेय. शहाणे पुष्कळ पाहिले. पण हा, सगळ्यांनी आळीपाळीने प्यायच्या 'माते' नावाच्या कडू चहाचं एकुलतं भांडं हातात धरून भाषण ठोकायचा आणि बाकीचे आपली पाळी कधी येते म्हणून ताटकळायचे.

ओफेलिया सुबेल्दिया शाळेत गाणं शिकवायची. तिला फिट्स यायच्या, औषधं लागू पडत नव्हती. आम्ही तिच्या मेंदूचा आलेख काढला. लिसांद्रोच्या सॉफ्टवेअरने हिशेब केला, की मेंदूचा डावा कानशिलाकडचा भाग आणि डावा पुढचा भाग एका तालात चालतात.

"मूळ इथंच आहे," तो तिला म्हणाला. "डावीकडचा तुकडा काढू."

"आणि माझं बोलणं?" ओफेलियाने विचारलं.

"थोडं अडखळेल. गाणं काय, गुणगुणता येतंच."

तिचा चेहरा पांढराफटक पडला. हा मात्र पडद्यावरच्या रंगीत रेषांवर खूश.

मला आलेख खटकला. डावीकडच्या सगळ्या लाटा एकाच क्षणी उसळत होत्या, अगदी सारख्या. उजव्या कानशिलापाशी मात्र शुकशुकाट. बाकी सगळं ज्या तारेशी ताडून मोजायचं, ती संदर्भ तार मी त्याच्याच हुकमावरून उजव्या कानाला लावली होती.

"डॉक्टर, गडबड उजवीकडे असेल तर ती कानाच्या तारेतूनच सगळीकडे दिसणार, आणि खुद्द उजवीकडे वजा होऊन जाणार. ताल खोटा असेल."

"निल्दा, तू डिंकाचं बघ. गणिताचं मी बघतो."

दुसऱ्या दिवशी मी ओफेलियाला पुन्हा बोलावलं. कानाची तार सोडून दिली आणि शेजारशेजारच्या तारा एकमेकींशी ताडून मोजल्या. डावीकडचा ताल साफ गेला. उजव्या कानशिलाखाली टोकदार लाटा उसळत होत्या.

गुरुवारच्या बैठकीत मी दोन्ही कागद वयस्कर सर्जन डॉ. बेनाविदेस बाईंसमोर ठेवले. त्यांनी चष्मा सारखा केला.

"लिसांद्रो, तू निरोगी बाजू कापायला निघाला होतास?"

"यंत्र जुनं आहे. शिवाय टेक्निशियनने तार..."

"तार कुठं लावायची ते कोणी सांगितलं?"

तो कागद उलटसुलट करू लागला. "यांनीच," मी म्हटलं. पहिल्या तपासणीच्या फॉर्मवर 'उजवा कान' लिहून खाली त्याची सही होती, तीही दाखवली.

पुढच्या तपासण्यांत उजवी बाजूच दोषी निघाली. ऑगस्टमध्ये शस्त्रक्रिया झाली. शुद्धीवर आल्यावर ओफेलियाने पाणी मागितलं, मग नर्सचा एक चुकलेला उच्चार सुधारून दिला.

लिसांद्रोने त्या चुकीवर एक शोधनिबंध लिहिला. 'संदर्भ तार निवडताना घ्यायची खबरदारी'. लेखक एकटा तोच. शेवटी 'तांत्रिक कर्मचाऱ्यांचे आभार'. तो मला वाचायला द्यायला आला, वर सहीही करून.

"ठेवून जा," मी म्हटलं. "बाहेर पेशंट थांबलाय."